आजीचा रेडिओ आणि लिनक्सचे प्लेअर

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो होतो. हातातली पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच आईने तक्रार मांडली, "अरे, हा रेडिओ नुसता खरखरतो. बातम्या कळत नाहीत, की भजन धड ऐकू येत नाही. नवा आणावा, तर तोही तसाच!"

माझी पुतणी नववीत आहे. ती लगेच म्हणाली, "काका, मी आजीसाठी दुसरी सोय करणार होते, पण माझंच अडलंय." शहरात राहणाऱ्या तिच्या मामाने आपला जुना लॅपटॉप तिला दिला होता. त्याची मेमरी अवघी २ गिगाबाइट. आजकालच्या मोठमोठ्या आज्ञावल्या त्यावर चालेनात, म्हणून तो भंगारात जायचा होता. पुतणीने शाळेतल्या सरांच्या मदतीने त्यावर लिनक्स बसवले आणि लॅपटॉप पुन्हा चालू झाला. घरात इंटरनेटचे एक छोटे उपकरण आहे. त्यावरून आकाशवाणीचे केंद्र लावून आजीला ऐकवायचे, असा तिचा बेत होता.

"मग अडलं कुठे?" मी विचारले.

"लिनक्सवर गाणी वाजवणारे प्लेअर इतके आहेत, की कोणता घ्यावा तेच कळत नाही. मी पाच बसवले. एकावर केंद्र लागतच नाही, दुसऱ्यावर लागतं पण सारखं तुटतं, आणि तिसऱ्याने तर माझा घातच केला!"

तो घात कोणता, ते पुढे येईलच. मित्रांनो, असा प्रश्न तुमच्यापुढेही केव्हा ना केव्हा येईल. म्हणून आम्ही दोघांनी चार दिवसांत तो कसा सोडवला, ते येथे सांगतो.

रेडिओ का खरखरतो?

प्रथम मूळ दुखणे पाहू. आईचा रेडिओ मध्यम लहरींवर चालतो. या लहरींची कंप्रता साधारण ५३० ते १,६०० किलोहर्ट्झ असते. म्हणजे दर सेकंदाला पाच ते सोळा लाख कंपने. आता घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा विचार करा. या सर्वांच्या पोटात विजेचा प्रवाह दर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारे मंडल असते. प्रवाहाच्या या उघडझापीतून नको असलेल्या रेडिओलहरी निर्माण होतात आणि त्यांच्यातल्या काही नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. दूरच्या केंद्राचा क्षीण संदेश त्यांत बुडून जातो.

आम्ही घरातला मुख्य स्विच बंद करून रेडिओ सेलवर लावला. खरखर बरीच कमी झाली! तेव्हा दोष रेडिओचा नव्हता, नव्या दिव्यांचा होता. पण रेडिओसाठी रोज घर अंधारात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून पुतणीचा बेत मला पटला.

एका विद्यार्थ्याचा छंद

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. संगणकाची मेमरी, पडदा, कळफलक आणि चकती यांचा कारभार पाहणारी एक मूळ आज्ञावली असते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली अशी आज्ञावली छंद म्हणून लिहायला घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. त्याआधी, १९८३ पासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाने खुल्या आज्ञावल्यांचे काम सुरू केले होते. या दोन कामांच्या मिलाफातून आज ज्याला आपण लिनक्स म्हणतो ती व्यवस्था उभी राहिली. तिची मूळ आज्ञावली कोणीही वाचावी, बदलावी आणि वाटावी, अशी तिची अट आहे.

याचा एक परिणाम असा, की ज्याला जे हवे ते त्याने लिहिले. म्हणून लिनक्सवर एकाच कामासाठी दहा-दहा साधने सापडतात. ती बहुधा फुकट मिळतात. त्यामुळे निवड करताना किंमत उपयोगी पडत नाही, आपल्याला कसोटी लावावीच लागते. आणि कसोटी लावायची, तर हा इंटरनेटवरचा रेडिओ चालतो कसा, हे आधी कळले पाहिजे.

आवाजाचे आकडे

आपल्या रेडिओकडे लहरी येतात, संगणकाकडे मात्र आकडे येतात. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. हे चढउतार ठरावीक वेळाने मोजून त्यांचे आकडे लिहून ठेवले, की आवाज आकड्यांत उतरतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकू येतात. ते नीट पकडायचे, तर दर सेकंदाला त्याच्या दुपटीहून अधिक मोजमापे घ्यावी लागतात. सीडीसाठी ४४,१०० मोजमापे घेतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहितात, आणि डाव्या व उजव्या कानासाठी वेगवेगळे लिहितात. आता गुणाकार करा:

४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट, दर सेकंदाला!

आठ बिटांचा एक बाइट. या हिशेबाने एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट होतात. आमच्या घरच्या उपकरणाला दिवसाला १.५ गिगाबाइट, म्हणजे १,५०० मेगाबाइट एवढीच मर्यादा आहे. अडीच तासांतच दिवसाचा शिधा संपायचा!

यावर उपाय शोधला तो आपल्या कानांचा अभ्यास करून. ढोल-ताशा वाजत असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा स्वर आपल्याजवळच्या लहान स्वराला झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही, ते पाठवायचे कशाला? या तत्त्वावर जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि इतर शास्त्रज्ञांनी मोठे काम केले, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत 'एमपी-३' ही संकेतपद्धती जगापुढे आली. पुढे 'एएसी' आली, २००२ मध्ये 'व्हॉर्बिस' पूर्णत्वाला गेली आणि २०१२ मध्ये 'ओपस' आली. बोलणे आणि साधे संगीत दर सेकंदाला ६४ किलोबिटांत, म्हणजे ६४,००० बिटांत, चांगले पाठवता येते. तासाला किती झाले? ६४,००० भागिले ८, गुणिले ३,६००, म्हणजे २८.८ मेगाबाइट. कुठे ६३५ आणि कुठे २९!

येथे लिनक्सचा एक जुना पेच सांगितला पाहिजे. एमपी-३ वर पेटंट होते. त्यामुळे लिनक्सच्या अनेक वितरणांत तो संकेत उलगडणारा भाग मुळात घालतच नसत, वापरणाऱ्याने तो नंतर वेगळा बसवायचा. २०१७ मध्ये फ्राउनहोफर संस्थेने आपला परवान्यांचा कार्यक्रम संपवला आणि एमपी-३ पुरती ही अडचण दूर झाली. पण इतर काही संकेतांसाठी आजही जादा भाग बसवावे लागतात. म्हणून एखादे केंद्र वाजत नाही, तेव्हा प्लेअरला नावे ठेवण्यापूर्वी तो भाग बसवला आहे का, हे पाहावे. पुतणीचा पहिला प्लेअर याच कारणाने मुका होता.

नळाची धार आणि पाण्याचे टँकर

इंटरनेटवरून रेडिओ ऐकवण्याचे प्रयोग १९९३ च्या सुमारास सुरू झाले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे 'डब्ल्यूएक्सवायसी' हे केंद्र ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपला चालू कार्यक्रम इंटरनेटवर देऊ लागले. असे करणाऱ्या अगदी पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. १९९८-९९ च्या सुमारास 'शाउटकास्ट' आणि 'आइसकास्ट' या आज्ञावल्या आल्या, आणि घरात बसून आपले केंद्र चालवणे सामान्य माणसालाही शक्य झाले.

आज केंद्राकडून आवाज मुख्यतः दोन पद्धतींनी येतो. पहिली पद्धत नळाच्या धारेसारखी. तुमचा प्लेअर केंद्राच्या संगणकाशी जोडला जातो आणि ती जोडणी टिकून आहे तोवर आकड्यांची अखंड धार वाहते. शाउटकास्ट आणि आइसकास्ट यांची ही पद्धत. दुसरी पद्धत टँकरने पाणी आणण्यासारखी. तिला 'एचएलएस' म्हणतात. हिच्यात कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात. प्लेअर प्रथम एक यादी मागवतो, यादीत असलेले तुकडे एकामागून एक आणून जोडतो, आणि नवे तुकडे आले का हे पाहण्यासाठी यादी पुन्हा पुन्हा मागवतो. या यादीच्या नावाच्या शेवटी बहुधा 'एम३यू८' ही अक्षरे असतात.

गंमत अशी, की धारेच्या केंद्रांचा पत्तासुद्धा कधी कधी 'एम३यू' किंवा 'पीएलएस' अशा छोट्या यादीत लिहून देतात. ती यादी नुसती पत्त्याची चिठ्ठी असते. साध्या प्लेअरला चिठ्ठी वाचता येते, पण एचएलएसची सतत बदलणारी यादी हाताळता येईलच असे नाही. आईचे आवडते केंद्र नेमके टँकरच्या पद्धतीचे निघाले. तेव्हा पहिली कसोटी आपोआप ठरली: आपल्याला हवे ते केंद्र या प्लेअरवर वाजते का?

छपरावरची टाकी

दुसरे दुखणे तुटण्याचे. गावच्या नळाला पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढे, तर कधी मध्येच थांबते. तरी आपली आंघोळ अडत नाही, कारण छपरावर टाकी असते. प्लेअरमध्येही अशी टाकी असते. आलेले आकडे लगेच न वाजवता तो काही साठवून ठेवतो. या साठ्याला 'बफर' म्हणतात. इंटरनेटवर आकडे छोट्या पाकिटांत विभागून येतात. काही पाकिटे लवकर येतात, काही रेंगाळतात, काही हरवतात आणि पुन्हा मागवावी लागतात. साठ्यात पाच सेकंदांचा आवाज असेल, तर पाच सेकंदांपर्यंतचा खंड कानाला कळत नाही. सहाव्या सेकंदाला मात्र शांतता!

दर सेकंदाला १२८ किलोबिटांचे केंद्र असेल, तर १० सेकंदांच्या साठ्याला १६० किलोबाइट लागतात. संगणकाच्या मेमरीत ही जागा नगण्य आहे. मग टाकी भलीमोठीच का ठेवू नये? पुतणीनेही हेच विचारले.

मी म्हटले, "गाण्याची फाइल असती, तर सगळी आधीच भरून घेता आली असती. पण हा चालू कार्यक्रम आहे. निवेदिका जे वाक्य अजून बोललीच नाही, ते साठवणार कसे?"

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे साठा दहा सेकंदांचा हवा, तर आपणच दहा सेकंद मागे राहायचं!"

अगदी बरोबर. चालू कार्यक्रमात मोठा साठा म्हणजे मोठा उशीर. आइसकास्टमध्ये यावर एक युक्ती आहे. नवा श्रोता जोडला जाताच केंद्राचा संगणक नुकतेच वाजून गेलेले सुमारे ६४ किलोबाइट त्याला एकदम देऊन टाकतो. म्हणजे १२८ किलोबिटांच्या केंद्रावर चार सेकंदांचा साठा हातात येतो आणि आवाज लगेच सुरू होतो. पण हे चार सेकंद भूतकाळातलेच.

पाच प्लेअरांची ओळख

आता आपल्या उमेदवारांकडे वळू.

'रिदमबॉक्स' हा अनेक लिनक्स संगणकांवर आधीच बसवलेला असतो. घरातली गाणी गायकांप्रमाणे लावून ठेवणे हे त्याचे मुख्य काम, आणि रेडिओसाठी त्यात वेगळा कप्पा आहे. संकेत उलगडण्याचे काम तो स्वतः न करता 'जीस्ट्रीमर' या वेगळ्या व्यवस्थेकडे सोपवतो. जीस्ट्रीमरचे हवे ते भाग बसवलेले नसतील, तर त्याचा नाइलाज होतो.

'ऑडेशस' हा हलक्या घराण्यातला. लिनक्सवर पूर्वी 'एक्सएमएमएस' नावाचा प्लेअर फार प्रिय होता. त्याच्यापासून 'बीप' आणि बीपपासून २००५ मध्ये ऑडेशस निघाला. पाहा, मूळ आज्ञावली खुली असल्यामुळे एकाचे काम थांबले, की दुसरा ते पुढे नेऊ शकतो.

'क्लेमेंटाइन' याचीही कथा अशीच. 'अमारोक' या प्लेअरची नवी आवृत्ती काहींना रुचली नाही, म्हणून जुनीवरून २०१० मध्ये क्लेमेंटाइन तयार झाला, आणि त्याच्यापासून पुढे 'स्ट्रॉबेरी'. गाण्यांचा मोठा संग्रह असणाऱ्यांना हे दोघे आवडतात.

'व्हीएलसी' चा जन्म १९९६ मध्ये पॅरिसमधील एका अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाला. २००१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. संकेत उलगडणारे बहुतेक सारे भाग तो स्वतःबरोबरच आणतो, हा त्याचा मोठा गुण. साठा किती ठेवायचा, हेही त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागांत सांगता येते.

'एमपीव्ही' ला बटणांची सजावट जवळजवळ नाहीच. वादकाचे नाव आणि पुढे केंद्राचा पत्ता, एवढीच आज्ञा टंकायची. तो 'एमप्लेअर' या जुन्या प्लेअरचा वंशज आहे आणि एचएलएस त्याला चांगले येते.

याशिवाय 'शॉर्टवेव्ह' नावाची आज्ञावली केवळ रेडिओसाठीच आहे. लोकांनी मिळून तयार केलेल्या खुल्या सूचीतून ती जगभरची हजारो केंद्रे शोधून देते. ज्याला केंद्राचा पत्ताच ठाऊक नाही, त्याला ती फार उपयोगी. आम्हाला पत्ते ठाऊक होते, म्हणून आम्ही ती परीक्षेत घेतली नाही.

पुतणीची वही

आम्ही वहीत तक्ता आखला. उभ्या रकान्यात प्लेअरांची नावे आणि वर चार कसोट्या.

पहिली कसोटी केंद्र वाजण्याची. आम्ही तीन पत्ते घेतले: एक एमपी-३ ची धार, एक एएसीची धार आणि एक एचएलएस. जादा भाग बसवल्यावर दोन्ही धारा सर्वांवर लागल्या. एचएलएसवर मात्र आमच्या संगणकात व्हीएलसी आणि एमपीव्ही यांनीच निर्धोकपणे काम केले. तुमच्या संगणकावर निकाल वेगळा येऊ शकतो, कारण प्लेअरांच्या आवृत्त्या बदलत असतात. म्हणून दुसऱ्याचा तक्ता उतरवून घेऊ नका, स्वतः करून पाहा.

दुसरी कसोटी खंड सोसण्याची. केंद्र वाजत असताना आम्ही इंटरनेटची जोडणी पाच सेकंद तोडली, मग वीस सेकंद. व्हीएलसीचा साठा मुळात सुमारे एका सेकंदाचा असतो. त्यामुळे धारेचे केंद्र प्रथम लगेच अडखळले. साठा दहा सेकंद केल्यावर छोटा खंड जाणवेनासा झाला. वीस सेकंदांच्या खंडानंतर जोडणी परत आल्यावर प्लेअर आपोआप पुन्हा सुरू होतो का, हेही पाहिले. एमपीव्हीला 'संपले की पुन्हा सुरू कर' असा पर्याय आज्ञेतच जोडावा लागला.

तिसरी कसोटी संगणकावरच्या भाराची. लिनक्समध्ये 'टॉप' अशी आज्ञा दिली, की कोणती आज्ञावली किती मेमरी आणि किती श्रम घेते, ते पडद्यावर दिसते. गाण्यांच्या संग्रहाचा संसार सांभाळणारे प्लेअर साहजिकच जड निघाले. ज्याला संग्रह नाही आणि सजावट नाही, तो एमपीव्ही हलका निघाला. २ गिगाबाइटच्या संगणकात हा फरक लहान नसतो.

चौथी कसोटी कागदावर आली ती पुतणीच्या घातामुळे. झाले होते असे, की एका रविवारी सकाळी सहाला तिने १२८ किलोबिटांचे केंद्र लावले, थोड्या वेळाने आवाज शून्यावर नेला आणि खिडकी बंद केली. तिला वाटले, प्लेअर बंद झाला. पण काही प्लेअर खिडकी मिटली तरी मागे चालूच राहतात. आवाज शून्यावर नेला, म्हणून आकड्यांची धार थांबत नाही. तोटी उघडी ठेवून खाली बादली नाही, एवढाच फरक! संध्याकाळी सातला तिचा गणिताचा पाठ इंटरनेटवर होता. तो अर्ध्यावर बंद पडला आणि त्यातली उदाहरणे तिला दुसऱ्या दिवशी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घ्यावी लागली.

आम्ही हिशेब केला. १२८ किलोबिटांना तासाला ५७.६ मेगाबाइट. १३ तासांचे झाले सुमारे ७४९. दिवसाच्या शिध्यातला निम्मा वाटा कोणीही न ऐकता वाहून गेला होता! उरलेला घरातल्या इतरांनी वापरला. म्हणून चौथी कसोटी अशी: प्लेअर चालू आहे की बंद, हे आजीला चष्म्याशिवाय कळले पाहिजे, आणि बंद करणे एका बोटाचे काम हवे.

निवड

तक्ता पाहून पुतणी म्हणाली, "मला वाटलं होतं, सगळ्यांत जास्त बटणं असलेला प्लेअर सगळ्यांत चांगला." पण ज्याला ही चार कामे करायची होती, त्याला बटणे नकोच होती. आम्ही आजीसाठी एमपीव्ही निवडला. पडद्यावर तीन ठसठशीत चिन्हे ठेवली आणि प्रत्येकाखाली केंद्राचे नाव मराठीत लिहिले. चिन्हावर टिचकी मारली, की त्यामागची आज्ञा चालते, समोर एक काळी खिडकी उघडते आणि केंद्र सुरू होते. कळफलकावरील 'क्यू' ही कळ दाबली, की खिडकी आणि केंद्र दोन्ही बंद. त्या कळेवर आम्ही लाल टिकली चिकटवली. आवाज लहान करण्यासाठी '९' आणि मोठा करण्यासाठी '०', त्यांवर हिरव्या टिकल्या. ६४ किलोबिटांचे केंद्र रोज चार तास ऐकले तरी सुमारे ११५ मेगाबाइट लागतात. पुतणीचा गणिताचा तास सुरक्षित!

स्वतःसाठी मात्र तिने व्हीएलसी ठेवला, कारण तिला नवनवी केंद्रे लावून पाहायची असतात. एकाच घरात दोघींची निवड वेगळी झाली, आणि दोन्ही बरोबर आहेत.

मागे पडलेले घड्याळ

दोन दिवस सारे ठीक चालले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, तुझ्या या पेटीतल्या बातम्या उशिरा लागतात. मी रोज बातम्यांवर घड्याळ लावते. आता ते मागेच पडलंय."

आम्ही रेडिओ आणि लॅपटॉप शेजारी ठेवून एकच केंद्र लावले. रेडिओवरचे वाक्य लॅपटॉपवर जवळजवळ अर्ध्या मिनिटाने आले! रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. १०० किलोमीटरवरच्या केंद्राहून त्या सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात पोहोचतात. इंटरनेटचा रस्ता लांब असला, तरी अर्धे मिनिट लागण्याइतका लांब नाही. हा वेळ जातो तुकडे करण्यात आणि साठवण्यात. एचएलएसच्या नियमाप्रमाणे प्लेअरने शेवटच्या टोकापासून निदान तीन तुकड्यांइतके मागे राहून सुरुवात करावी. तुकडा १० सेकंदांचा असेल, तर तेथेच ३० सेकंद झाले.

आणखी एक फरक आईच्या रेडिओने आम्हाला शिकवला. प्रक्षेपकाला एक श्रोता काय आणि लाख काय, सारखेच. एकच लहर सर्वांच्या दारी जाते. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी धार लागते. ६४ किलोबिटांच्या केंद्राला हजार श्रोते असले, तर ६४ मेगाबिटांची वाट लागते. आणि वादळात मोबाइलचा मनोरा बंद पडला, की ही वाटच नाहीशी होते. सेलवर चालणारा रेडिओ मात्र तेव्हाही बोलू शकतो. शिवाय गावात वीज गेली, की सारे दिवे बंद, आणि त्यांची खरखरही बंद!

म्हणून आईने लॅपटॉप माजघरात ठेवला, पण रेडिओ माळ्यावर टाकला नाही. तो देवघराशेजारच्या फळीवर सेल घालून तयार असतो. घड्याळही ती त्याच्यावरच लावते. त्यासाठी सकाळी मिनिटभर घरातले दिवे बंद केले जातात.

करून पाहा

१. तुमच्या रेडिओवर लागते आणि इंटरनेटवरही मिळते, असे एक केंद्र निवडा. दोन्ही एकदम लावा. रेडिओवर एखादा ठळक शब्द ऐकताच सेकंद मोजू लागा आणि तोच शब्द संगणकावर येईपर्यंत किती सेकंद होतात ते लिहा. पाच वेळा मोजून सरासरी काढा. दुसरा प्लेअर लावून हाच प्रयोग करा. सरासरी बदलली का? का बदलली असेल?

२. मध्यम लहरींचा रेडिओ सेलवर लावून घरातले दिवे, चार्जर आणि पंखे मोठ्यांना विचारून एक-एक बंद करा. कोणत्या उपकरणाने खरखर सर्वांत कमी झाली, ते नोंदवा. मग रेडिओ त्या उपकरणापासून दूर नेऊन पाहा.

३. तुमच्या आवडत्या केंद्राचा वेग किलोबिटांत शोधा. त्याला ८ ने भागा आणि ३,६०० ने गुणा, म्हणजे तासाला किती किलोबाइट लागतात ते कळेल. त्यास १,००० ने भागले, की मेगाबाइट मिळतील. घरातले कोण रोज किती तास ऐकते, ते विचारून महिन्याचा हिशेब मांडा आणि तो घरच्यांना दाखवा.